करेक्टेड कॅल्शिअम: एका सूत्राची उलटतपासणी

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी किंवा बायोकेमिस्ट्री यांपैकी कुठल्याही वाटेने तुम्ही संशोधनाकडे येत असाल, तर हे सूत्र तुमच्या वहीत कुठेतरी चौकट करून लिहिलेलं असणार:

करेक्टेड कॅल्शिअम = मोजलेलं एकूण कॅल्शिअम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन)

कॅल्शिअम मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये, अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये. बस, एवढंच. व्हायव्हाला विचारतात, वॉर्डात राउंडला विचारतात, मोबाइलच्या मेडिकल कॅल्क्युलेटरमध्ये ते असतं, आणि कित्येक लॅब रिपोर्टवर ते आपोआप छापूनही येतं.

या पोस्टमध्ये मला या सूत्राचं परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं किंवा नाटकाचं करतात तसंच: मूळ संहिता काय म्हणते, नंतर लोकांनी तिचं काय केलं, आणि ती आज टिकते का. माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्या रुग्णांसाठी हे सूत्र वापरलं जातं, म्हणजे अल्ब्युमिन खूप घसरलेले रुग्ण, नेमकं त्यांच्यातच ते सगळ्यात वाईट चालतं. आणि हे कळायला पन्नास वर्षं लागलेली नाहीत. पाच वर्षांतच कळलं होतं. तरी सूत्र राहिलं. ते का राहिलं, हा प्रश्न रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

(एक सूचना: हा लेख स्वतःचा रिपोर्ट घरी वाचून औषध बदलण्यासाठी नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत.)

दुरुस्ती मुळात कशासाठी?

रक्तातलं कॅल्शिअम तीन रूपांत फिरतं. साधारण निम्मं मोकळं असतं, त्याला आयोनाइज्ड कॅल्शिअम म्हणतात. साधारण ४० टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि त्यातला सुमारे चार पंचमांश वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. उरलेलं दहाएक टक्के फॉस्फेट, बायकार्बोनेट, सिट्रेट, लॅक्टेट अशांबरोबर बांधलेलं. स्नायूचं आकुंचन, हृदयाचा ठोका, मज्जातंतूंतला संदेश, रक्त गोठणं, पॅराथायरॉइड ग्रंथीला मिळणारा इशारा, ही सगळी कामं मोकळं कॅल्शिअम करतं. चिकटलेलं कॅल्शिअम त्या क्षणी कामाचं नाही.

पण नेहमीच्या तपासणीत मोजलं जातं ते एकूण कॅल्शिअम.

रावेतमध्ये राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको. पवना धरणात किती टक्के साठा आहे ते पेपरात येतं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड सुरू झालं, आणि पुढे धरण शंभर टक्के भरलेल्या पावसाळ्यांतही ते दिवसाआडच राहिलं. साठा आणि नळाचं पाणी यांचा संबंध नक्की आहे. पण मधे रावेतचा बंधारा आहे, पंप आहेत, शुद्धीकरण केंद्र आहे, गळती आहे. साठ्याच्या आकड्यावरून माझ्या नळाला आज किती पाणी येईल हे एका गुणकाने सांगतो म्हणणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारू: हा गुणक कुठल्या शहरात काढलास, आणि नळ एकदा तरी उघडून पाहिलास का? कॅल्शिअमच्या सूत्रालाही हेच दोन प्रश्न विचारायचे आहेत.

दुरुस्तीची गरज मात्र खोटी नाही. लिव्हर सिऱ्होसिस, नेफ्रोटिक सिंड्रोम, कुपोषण, दीर्घ संसर्ग यांत अल्ब्युमिन घटतं. चिकटायला जागाच कमी झाली की एकूण कॅल्शिअमही कमी दिसतं. मोकळं कॅल्शिअम ठीक असलं तरी रिपोर्टवर खाली जाणारा बाण उमटतो. त्या बाणापायी कुणाला विनाकारण शिरेतून कॅल्शिअम देणं हे वाईटच. तेव्हा "हे कमी दिसणं कितपत खरं आहे?" हा प्रश्न रास्त आहे. वाद उत्तराबद्दल आहे.

१९७३ चा पेपर

सूत्राला सहसा ज्यांचं नाव लावतात ते पेन. पेन, लिटल, विल्यम्स आणि मिलनर यांचा पेपर १९७३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. काम इंग्लंडमधल्या लीड्सचं. त्यांनी काय केलं ते नीट बघा, कारण पद्धत तशी सोपी आहे. कॅल्शिअमचा स्वतंत्र आजार नसलेले सुमारे २०० रुग्ण घेतले. प्रत्येकाचं एकूण कॅल्शिअम आणि अल्ब्युमिन मोजलं. एक आडव्या अक्षावर, दुसरं उभ्या अक्षावर. ठिपक्यांमधून रिग्रेशनची सरळ रेघ काढली. रेघेचा उतार म्हणजे अल्ब्युमिन एक ग्रॅमने घटलं की कॅल्शिअम सरासरी किती घटतं. मग तो उतार वापरून प्रत्येकाचं कॅल्शिअम अशा आकड्यावर आणलं, जणू त्याचं अल्ब्युमिन ४ असतं.

यात नसलेली गोष्ट कोणती? मोकळं कॅल्शिअम. ते सूत्र उभं करताना संदर्भ म्हणून वापरलेलं नाही. नळ उघडलेला नाही.

मग सूत्र बरोबर आहे हे कशावरून? गृहीतक असं: या रुग्णांना कॅल्शिअमचा आजार नाही, म्हणजे त्यांचं मोकळं कॅल्शिअम नॉर्मल असणार, म्हणजे एकूण कॅल्शिअममधला जो फरक अल्ब्युमिनबरोबर हलतो तो निव्वळ चिकटण्यातला फरक. या साखळीतली दुसरी कडी तपासलेली नाही. हॉस्पिटलात अल्ब्युमिन घटलेला माणूस हा आजारी माणूस असतो. सेप्सिसमध्ये, मॅग्नेशिअम कमी असताना, ड जीवनसत्त्वाच्या अभावात, किडनी बिघडल्यावर मोकळं कॅल्शिअमही खरोखर घटू शकतं, तेही अल्ब्युमिन घटत असतानाच. तसं झालं तर रेघेचा उतार दोन गोष्टी एकत्र पोटात घेतो: चिकटण्यातली घट आणि खरी घट. अशा उताराने "दुरुस्ती" केली की खरी घटही आपण पुसून टाकतो. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात कन्फाउंडिंग शिकतो ते हेच. पुस्तकातल्या कॉफी आणि सिगारेटच्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण जास्त लक्षात ठेवा, कारण इथे त्याची किंमत रुग्ण देतो.

लेखकांशी न्यायाने वागायचं तर हेही सांगायला हवं: १९७३ साली मोकळं कॅल्शिअम मोजणं नेहमीच्या लॅबच्या हातातलं नव्हतं. १९३४–३५ च्या सुमारास मॅक्लीन आणि हेस्टिंग्ज यांनी ते मोजायला बेडकाचं हृदय वापरलं होतं. द्रवात मोकळं कॅल्शिअम जितकं जास्त, तितकं हृदय जोराने आकुंचन पावतं, हे त्यामागचं तत्त्व. आयनला ओळखणारे इलेक्ट्रोड सत्तरच्या दशकात कुठे वापरात येऊ लागले होते. त्या काळी लीड्सच्या लोकांनी जो प्रश्न सोडवला तो खरा होता, आणि हाताशी होतं त्यातून सोडवला. टीका करायची ती नंतरच्या पन्नास वर्षांवर.

०.८ कुणाचं?

आता एक गंमत. पेन यांच्या पेपराने सुचवलेलं सूत्र असं आहे: कॅल्शिअम − अल्ब्युमिन + ४. म्हणजे गुणक १. आपण ज्याला पेनचं सूत्र म्हणून ०.८ घोकतो, ते तिथलं शेवटचं उत्तर नाही. तरी ०.८ लिहून खाली १९७३ चा संदर्भ देणारे प्रबंध तुम्हाला हवे तितके सापडतील. याला मी संदर्भाची गळती म्हणतो. एकाने दुसऱ्याच्या पेपरातून संदर्भ उचलला, तिसऱ्याने त्याच्याकडून, आणि मूळ पानं कुणी उघडलीच नाहीत. तो पेपर चार पानांचा आहे. चहा गार व्हायच्या आत वाचून होतो.

०.८ हा आकडा आकाशातून पडलेला मात्र नाही. निरोगी माणसाचा हिशेब करून बघा. एकूण कॅल्शिअम ९.५ धरू. त्यातलं ४० टक्के प्रथिनांना चिकटलेलं, म्हणजे ३.८. त्यातलं ८० टक्के अल्ब्युमिनवर, म्हणजे साधारण ३. अल्ब्युमिन ४ ग्रॅम. तर दर ग्रॅम अल्ब्युमिनवर ३ भागिले ४, म्हणजे ०.७५ च्या आसपास कॅल्शिअम. आलं की नाही ०.८ च्या जवळ?

पण इथेच थांबून विचारा: ही सरासरी आहे की उतार? निरोगी माणसात प्रत्येक ग्रॅमवर सरासरी ०.७५ चिकटलेलं आहे, म्हणून एक ग्रॅम गेला की बरोबर ०.७५ च जाईल, असं कुठे लिहिलंय? उरलेलं अल्ब्युमिन जास्त कॅल्शिअम धरू लागलं तर? बेसराब आणि कॅरो यांनी १९८१ मध्ये नेमकं हेच मांडलं: अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णांत दर ग्रॅमला चिकटलेलं कॅल्शिअम वाढलेलं असतं. म्हणजे चिकटलेल्या कॅल्शिअमची घट सूत्र धरतं त्यापेक्षा कमी असते. सूत्र मात्र ठरलेला ०.८ मोजून भरपाई देतं. भरपाई जास्त होते, आणि कमी असलेलं कॅल्शिअम "नॉर्मल" दिसायला लागतं.

दोन्ही धागे जोडून पाहिले तर एक शंका येते. रसायनशास्त्राचा हिशेब म्हणतो, अल्ब्युमिन घटत जाताना उतार ०.७५ पेक्षा कमी हवा. आजारी माणसांच्या ठिपक्यांतून काढलेला उतार येतो १. हा जादा उतार कुठून आला? निदान काही भाग खऱ्या कॅल्शिअमच्या घटीचा असेल, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, सिद्ध केलेलं नाही. पण पेपर वाचताना असे दोन आकडे शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या.

एकच रक्त, चार उत्तरं

आता लॅबमध्ये शिरू. अल्ब्युमिन मोजायच्या दोन प्रचलित पद्धती रंगावर चालतात: ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल. हिरवा रंग अल्ब्युमिनबरोबर काही ग्लोब्युलिन प्रथिनांनाही पकडतो, म्हणून अल्ब्युमिन जास्त दाखवतो. ही चूक कमी अल्ब्युमिनमध्ये जास्त बोचते. दोन पद्धतींत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास फरक पडणं नवलाचं नाही.

समजा (हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत) एका रुग्णाचं एकूण कॅल्शिअम ७.३ आहे. हिरव्या पद्धतीने अल्ब्युमिन २.६, जांभळ्या पद्धतीने २.१. लॅबची खालची मर्यादा ८.५.

हिरवी पद्धत, गुणक ०.८: ८.४२, म्हणजे कमी.
जांभळी पद्धत, गुणक ०.८: ८.८२, म्हणजे नॉर्मल.
हिरवी पद्धत, गुणक १: ८.७, नॉर्मल.
जांभळी पद्धत, गुणक १: ९.२, अगदी निवांत नॉर्मल.

रक्त तेच, माणूस तोच. उत्तर मात्र लॅबने कुठली बाटली मागवली आणि आपण कुठलं पुस्तक वाचलं यावर ठरलं. आणि हे उत्तर रिपोर्टवर दशांशासकट छापून येतं, त्यामुळे ते मोजलेलं वाटतं. ते मोजलेलं नाही, काढलेलं आहे. मोजलेलं आणि काढलेलं यांतला फरक विसरायला लावणं हा छापील आकड्याचा मोठा दोष आहे.

याची जाणीव खुद्द पेन यांनाही होती. १९९६ मध्ये बार्थ आणि फिडी यांच्याबरोबर त्यांनी याच विषयावर लिहिलं: संबंध सरळ रेषेत नसणं आणि लॅबगणिक रेघ वेगळी येणं. सूत्राला ज्याचं नाव आहे तोच माणूस सांगतोय की लॅब बदलली की रेघ बदलते. आपण मात्र तेवीस वर्षं आधीचा पेपर धरून बसलो, तोही न वाचता.

नळ उघडल्यावर

इलेक्ट्रोड आल्यावर लोकांनी सूत्राचं उत्तर आणि मोजलेलं मोकळं कॅल्शिअम शेजारी ठेवून पाहिलं. १९७८ मध्येच लेडेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतून पेपर काढला. प्रथिन, अल्ब्युमिन, पीएच या सगळ्यांसाठी दुरुस्त केलेलं कॅल्शिअम मोकळ्या कॅल्शिअमची स्थिती बरोबर सांगण्यात अपयशी ठरतं, हा निष्कर्ष त्यांनी थेट शीर्षकातच घातला होता. शीर्षक वाचलं असतं तरी पुरे होतं.

२००४ मध्ये गंभीर जखमी रुग्णांवरच्या एका अभ्यासात डिकरसन यांनी एक-दोन नाही तर २२ पद्धती तपासल्या. अतिदक्षतेतल्या रुग्णांत विश्वास ठेवावा अशी एकही निघाली नाही. २००८ मध्ये पॅरिसमध्ये गॉसी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन किडनी विकाराच्या रुग्णांत पाहिलं: अल्ब्युमिनची दुरुस्ती केल्याने अंदाज सुधारला नाही. २०१८ मध्ये मेलबर्नच्या एका मोठ्या रुग्णालयातून तसंच आलं. दुरुस्त न केलेलं कॅल्शिअम दुरुस्त केलेल्यापेक्षा मोकळ्या कॅल्शिअमशी जास्त जुळत होतं. आणि २०२५ च्या सुरुवातीला कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातून २२ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण कमी, नॉर्मल की जास्त हे ठरवताना नुसतं एकूण कॅल्शिअम सुमारे ७५ टक्के वेळा मोकळ्या कॅल्शिअमशी सहमत होतं. ०.८ चं सूत्र लावल्यावर ही सहमती सुमारे ५९ टक्क्यांवर आली. अल्ब्युमिन ३ च्या खाली असलेल्यांत सूत्र आणखी घसरलं.

म्हणजे काही न करणं हे काही करण्यापेक्षा बरं निघालं. संशोधनात असा निकाल फार अवघड जातो, कारण तो कुणाला काही नवीन करायला देत नाही. फक्त जुनं सोडायला सांगतो.

चूक दोन्ही दिशांना होते. कमी अल्ब्युमिनच्या रुग्णात खरी कमतरता झाकली जाते, आणि मग झटके, हातपाय वळणं, ईसीजीतला बदल यांचं कारण भलतीकडे शोधलं जातं. उलट, कॅल्शिअम ९.४ आणि अल्ब्युमिन २ असलेल्या रुग्णाचं सूत्राने ११ होतं. आता हा "हायपरकॅल्सेमिया". मग पॅराथायरॉइडची तपासणी, कॅन्सरचा शोध, स्कॅन, आणि त्या सगळ्याचं बिल. मल्टिपल मायलोमात तर वेगळाच गुंता: क्वचित तिथलं विकृत प्रथिनच कॅल्शिअम धरून ठेवतं, एकूण आकडा वाढतो, मोकळं नॉर्मल असतं, आणि अल्ब्युमिनच्या सूत्राला त्या प्रथिनाचा पत्ताच नसतो.

पीएचचं काय? रक्त अल्कधर्मी झालं की अल्ब्युमिनवर कॅल्शिअमसाठी जागा मोकळ्या होतात आणि मोकळं कॅल्शिअम घटतं. पीएच ०.१ ने वाढला तर साधारण ०.०५ मिलिमोल प्रति लिटर एवढं. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येतात त्यामागे हेही एक कारण. या माणसाचं एकूण कॅल्शिअम आणि अल्ब्युमिन दोन्ही जागच्या जागी असतात. सूत्राला काहीच दिसत नाही.

नव्या पेपरलाही सोडायचं नाही

इथे एक सापळा आहे. जुन्या पेपरवर कठोर व्हायचं आणि आपल्या मताच्या नव्या पेपरला हार घालायचा. तसं करू नका. अल्बर्टाच्या अभ्यासाला मी हे प्रश्न विचारीन.

एक, हे रुग्ण कोण? मोकळं कॅल्शिअम मागवलं गेलं अशांचाच डेटा तुलनेला मिळतो. डॉक्टर ते उगाच मागवत नाही. शंका असते तेव्हा मागवतो. म्हणजे हा सर्वसाधारण ओपीडीचा चेहरा नाही. निरोगी माणसात, पट्टा जास्त वेळ बांधून ठेवल्यामुळे अल्ब्युमिन आणि कॅल्शिअम दोन्ही थोडे वर गेले असतील, तिथे दुरुस्ती कदाचित शहाणपणाचीच ठरेल. "सूत्र कुठेच चालत नाही" हे या डेटातून निघत नाही.

दोन, सहमतीचा टक्का मर्यादांवर अवलंबून असतो. नॉर्मल कुठे संपतं ती रेघ थोडी सरकवली की टक्का बदलतो. म्हणून टक्क्याबरोबर दोन आकड्यांचा प्रत्यक्ष संबंधही बघायला हवा. तिथेही दुरुस्त न केलेलं कॅल्शिअम थोडं पुढे होतं, पण फरक सहमतीच्या टक्क्याइतका डोळ्यांत भरणारा नव्हता.

तीन, अल्बर्टातली माणसं आणि आपली माणसं. आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शिअमची शिफारस दिवसाला ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. आपल्या ताटात तेवढं पडत नाही हे जुनंच दुखणं आहे. ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. जिथे खरी कमतरता जास्त, तिथे कमतरता झाकणारी चूक जास्त माणसांना भोवते. म्हणजे सूत्राविरुद्धचं अल्बर्टाचं म्हणणं आपल्याकडे आणखी लागू होईल असं मला वाटतं. पण "वाटतं" आणि "मोजलं" यांत जोड-नमुन्यांचा एक अभ्यास उभा आहे.

रावेतच्या कलेक्शन सेंटरवरून

मग सरळ मोकळं कॅल्शिअमच मोजा की! परदेशी पेपरांचा शेवट बहुतेक वेळा याच सल्ल्याने होतो. आपल्या भागात तो कितपत चालेल?

मोकळ्या कॅल्शिअमचा नमुना नाजूक असतो. नळीत हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना नुसता पडून राहिला की पेशी साखर वापरून लॅक्टिक आम्ल करत राहतात, पीएच घटतो आणि आकडा खोटा वाढतो. सिरिंजमध्ये द्रव हेपॅरिन जास्त झालं तर ते स्वतःच कॅल्शिअम धरतं. म्हणून ही तपासणी खरी शोभते ती आयसीयूतल्या ब्लड गॅस मशीनवर, खाटेपासून चार पावलांवर, काही मिनिटांत.

आता सोसायटीखालचं कलेक्शन सेंटर डोळ्यांसमोर आणा. सकाळी सातला घेतलेलं रक्त, दहाच्या सुमारास येणारा रायडर, त्याच्या पेटीतल्या वीस नळ्या, मुंबई–बेंगळुरू हायवेवरची गर्दी, आणि पुण्यातली किंवा मुंबईतली मुख्य लॅब. एकूण कॅल्शिअम हा प्रवास निभावून नेतं. मोकळं कॅल्शिअम, नळी नीट सीलबंद आणि गार ठेवून वेळेत पोचवली नाही, तर नाही. तेव्हा "सोन्याचा निकष" असं आपण ज्याला म्हणतो, तो निकष कुठे मोजला यावर सोनं की पितळ हे ठरतं. वाईट हाताळलेल्या नमुन्यातलं मोकळं कॅल्शिअम हे चांगल्या हाताळलेल्या एकूण कॅल्शिअमपेक्षा वरचढ मानायचं कारण नाही.

मग माझं मत काय? लॅबने एकूण कॅल्शिअम आणि अल्ब्युमिन दोन्ही मोजलेले आकडे शेजारी छापावेत. अल्ब्युमिन कुठल्या पद्धतीने मोजलं तेही एका ओळीत. दुरुस्त केलेला आकडा आपोआप छापू नये. छापायचाच असेल तर गुणक आपल्याच लॅबच्या डेटावरून काढलेला असावा. आणि आयसीयू, डायलिसिस, मोठी शस्त्रक्रिया, खूप रक्त चढवलेला रुग्ण, अल्ब्युमिन ३ च्या खाली असा प्रकार असेल आणि उपचाराचा निर्णय कॅल्शिअमवर अडला असेल, तर सूत्र बाजूला ठेवून मोकळं कॅल्शिअम तिथल्या तिथे मोजावं. यात महागडं फारसं काही नाही. सवय मोडायची आहे, तेवढंच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पेटची तयारी करणारे, एमडीचा विषय शोधणारे, एमएस्सीचा प्रोजेक्ट अडलेले, तुमच्यासाठी इथे एक तयार विषय पडलाय. ब्लड गॅस मशीन आणि बायोकेमिस्ट्री लॅब एकाच आवारात असलेलं कुठलंही मोठं रुग्णालय घ्या. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांच्या जोड्या: एकूण कॅल्शिअम, अल्ब्युमिन, मोकळं कॅल्शिअम, पीएच. नैतिक समितीची परवानगी, वेळेची मर्यादा आधी ठरवलेली (दोन नमुन्यांत किती मिनिटांचं अंतर चालेल), आणि विश्लेषणाचा आराखडा डेटा बघण्याआधी लिहिलेला. अर्ध्या डेटावर आपला गुणक काढा, उरलेल्या अर्ध्यावर तपासा. ०.८, १, आपला गुणक, आणि काहीच न केलेलं एकूण कॅल्शिअम, चौघांना एकाच रांगेत उभं करा. शेवटचा उमेदवार विसरू नका. पन्नास वर्षांत कित्येकांनी नवनवी सूत्रं एकमेकांशी लढवली, पण "काहीच न करणं" या उमेदवाराला मैदानात घेतलंच नाही.

आणि हा विषय तुमचा नसला तरी, तुमच्या क्षेत्रात असं एखादं सूत्र असणारच. बीएमआयचं असेल, किडनीच्या जीएफआरचं असेल, मातीतल्या सेंद्रिय कर्बाचं असेल. त्याला विचारायचे प्रश्न तेच. मूळ पेपर उघडला का? गुणक तिथे खरंच आहे का? तो कुठल्या माणसांवर, कुठल्या मशीनवर निघाला? ज्याचा अंदाज करायचा ती गोष्ट तेव्हा प्रत्यक्ष मोजली होती का? आणि सूत्र न वापरता काय होतं, हे कुणी पाहिलं का?

गाइडने "हे स्टँडर्ड आहे, घालून टाक" असं सांगितलं तर घाला, वाद नको. पण मेथड्समध्ये एक ओळ जास्त लिहा: गुणक कोणता वापरला, अल्ब्युमिन कोणत्या पद्धतीने मोजलं. आणि निकालात दुरुस्त न केलेले आकडेही द्या. दहा वर्षांनी कुणी तुमचा प्रबंध उघडला, तर त्याला हिशेब उलटा करून मोजलेल्या आकड्यापर्यंत परत जाता आलं पाहिजे.